मागच्या पावलाच्या मॅडम

कापगते मॅडमनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी त्यांच्याकडे पाठ होती. मी कमरेत वाकलेली, पाय घोट्याच्या वर चिखलात आणि डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात रोवणीच्या दिवसांत बायकापोरी अशाच दिसतात. रोवणी मागे मागे सरकत करायची असते. समोर लावलेलं रोप, मागे मोकळा चिखल. पुढे पाऊल टाकलं की आपण लावलेलं आपल्याच पायाखाली जातं. पंधरा-वीस बायकांची ओळ असते आणि ती एका चालीनं मागे येते. आमची ओळ मागे येत येत धुऱ्याला लागली, तर त्या बांधावर ही बाई बंद छत्री घेऊन उभी होती.

"कोनाची पोट्टी होय वो ही?" त्यांनी माझ्या आईला विचारलं.

"माही होय जी."

"उद्या ग्राउंडवर पाठव. मागचं पाऊल चांगलं आहे हिचं."

माझ्याबद्दल 'चांगलं' हा शब्द त्यांनी वापरला तो तेवढाच. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली फुटबॉल खेळले, त्यातली तीन वर्षं कॅप्टन होते, पण पुन्हा तो शब्द माझ्या वाट्याला आला नाही.

आधीच सांगून टाकते, मला ही बाई आवडत नाही. तालुक्यात सगळे त्यांच्या नावानं हात जोडतात. धानाच्या चिखलातून मुली उचलल्या आणि देशाच्या मैदानावर नेल्या, असं भाषणात म्हणतात. उचलल्या हे खरं आहे. पण उचललेली वस्तू कशी ठेवतात ते उचललेल्या वस्तूलाच विचारावं.

मॅडम एका ज्युनिअर कॉलेजात खेळ शिकवायच्या आणि तालुक्यातल्या मुलींचा संघ चालवायच्या. बुटक्या, रुंद, उन्हानं रापलेल्या. सलवार-कमीज आणि त्याखाली पुरुषांचे काळे बूट. छत्री बारा महिने हातात, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या टोकानं त्या मातीत रेघा ओढत आणि आमच्या पोटऱ्यांवर टोचत. माणसाच्या तोंडाकडे पाहायची त्यांना सवयच नव्हती, त्या पायांकडे पाहत. त्यामुळे नावं लक्षात राहत नसत. "ते फेंगडी कोठी गेली?" "डाव्या टाचेवालीले बोलवा." माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात त्या जेवायला आल्या, मांडवात नवरदेवाला वरपासून खालपर्यंत नव्हे, खालपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या वडिलांना सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "जवाई उजव्या पायानं बारीकसा लंगडते जी. पाहून घेतलं होतं ना?" जावई लंगडत नव्हता. नवे बूट चावत होते. पण तो दिवसभर लंगडाच राहिला, कारण सगळा मांडव त्याच्या पायाकडे पाहू लागला.

घरची शेती भरपूर होती. त्यांच्या समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यांना मातीचे बंधारे घातले, पाण्याचे पाट काढले, आणि त्याचा त्यांना भारी ताठा. आमची ओळ वाकडी झाली की म्हणायच्या, "आमच्या वाडवडलांनी अख्खा तलाव थांबवून ठेवला, अन तुमच्यानं एक फॉरवर्ड थांबत नाही?" तलावाचा फॉरवर्डशी काय संबंध, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची सगळी विद्या एका गोष्टीत होती. फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या मुलीला मागे मागे पळता आलं पाहिजे, तेही समोर नजर ठेवून, बाजूच्या तिघींशी ओळ धरून. बाहेरचे संघ ही गोष्ट शिकवायला महिनोन्‌महिने घालवतात. आमच्या मुलींना ती आईच्या पोटातून येते. मॅडमनी हे ओळखलं, हे मी नाकारत नाही. जुलैत त्या धुऱ्याधुऱ्यानं फिरत आणि ओळीत ज्या मुलीचं मागचं पाऊल न चाचपडता पडतं, तिला उचलत. बाजारात चालवून बैलाची पारख करावी तशी पारख होती ती. गोल करणाऱ्या मुली त्यांना कुठूनही चालत, पण मागच्या चौघी रोवणीतल्याच पाहिजेत.

आता यातली गंमत सांगते. रोवणीच्या दिवसांत रविवारचा सराव त्यांच्या स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, व्हायचा. अकरा मुली, चार बदली मुली, आणि मॅडमच्या घरचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं. "ओळ धरा! मांगं सरा! पाहू नका, पायानं हेरा!" असं ओरडत त्या धुऱ्यावरून चालायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांची एक बांधी रोवून व्हायची. मजुरीच्या बायका मिळत नाहीत म्हणून सगळा तालुका बोंबलत होता, मॅडमची रोवणी मात्र सगळ्यांत आधी उरकायची. दुपारी भात आणि लाखोळीची डाळ. एकदा आमच्यातली एक म्हणाली, "मॅडम, हे ट्रेनिंग होय का रोजी होय?" मॅडमनी बूट काढले, सलवार वर खोचली, चिखलात उतरल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहून अशी रोवणी केली, की आम्ही सगळ्या त्यांच्या चार हात मागे राहिलो. म्हणजे पुढे राहिलो. बाहेर येऊन म्हणाल्या, "ज्याले रोजी वाटते त्यानं घरी जावं." कोणी गेलं नाही. मॅडमकडून मान मिळत नसला तरी त्यांच्या संघातून बाहेर पडणं म्हणजे परत दुसऱ्याच्या बांधीत उतरणं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या सहाव्या वर्षी आम्ही देशपातळीवरच्या चषकात उतरलो. त्या स्पर्धेत साखळी-बिखळी काही नसते. एक सामना हरला की घरी. मॅडमना ही पद्धत मनापासून आवडायची. "हारला त्याची गाडी पहिले सुटते," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की झोपेत कोणी बडबडलं तरी तेच बडबडे. त्यांचा नियम असा, की बाहेरगावी सामन्याला जाताना एकाच दिवसाचे कपडे घ्यायचे. "जिंकलो त धुवून घाला. हारलो त एक जोडच पुरते." आणि परतीचं तिकीट सामन्याच्या दिवशीचंच काढायचं. नागपूरला पहिली फेरी आम्ही जिंकलो, पुढचा सामना दोन दिवसांनी तिथेच. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो आणि मॅडम स्टेशनवर तिकिटं रद्द करायच्या रांगेत उभ्या. चेहरा असा, जणू आम्ही त्यांचं काही तरी सांडलं. आम्ही धर्मशाळेच्या गच्चीवर ओले कपडे अंगावर घेऊन बसलो होतो. मॅडम आल्या, प्रत्येकीच्या टाचा दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "हासू नका. परवा पुन्हा मांगं सरा लागते."

दुसरी फेरीही काढली. तिसरी आमच्याच गावात झाली, तलावाजवळच्या मैदानावर. पंचक्रोशीतून माणसं ट्रॅक्टर भरून आली होती, झाडांवर पोरं लटकली होती. ती फेरीही आम्ही जिंकलो. आता देशातले आठ संघ उरले होते आणि त्यात आम्ही होतो. याचा अर्थ काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या आठात खेळलेल्या मुलींना प्रमाणपत्र मिळणार होतं आणि त्या कागदावर नोकरभरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. त्याच वर्षी भरती निघणार, अशी कुणकुण होती. आमच्यात एकीच्याही घरात सरकारी पगाराचा माणूस नव्हता.

ज्या मुलीसाठी मी हे लिहायला बसले, ती भूमेश्वरी. जंगलाकडच्या एका लहान गावातून रोज सायकल मारत यायची. वडील नव्हते, दोन धाकटे भाऊ होते, आई रोजीनं जायची. तिला मैदानावर डावीकडच्या टोकाला उभं करत आणि तिच्या बाजूला मी. मागचं पाऊल तर तिचं असं, की तिच्या टाचेला डोळे आहेत, असं आम्ही म्हणायचो. पण तिच्यात एक खोट होती. ती विचारायची.

तिसऱ्या फेरीनंतर एका सकाळी सरावाला तिनं मॅडमना विचारलं, "मॅडम, एक गोष्ट सांगू का जी?"

"पायानं सांग."

"नाही जी, तोंडानंच सांगा लागते. त्याहिचा चेंडू मांगं गेला ना, तवा आपन चौघीही चार पावलं पुढं सरलो त त्याहिची फॉरवर्ड आपल्या मांगं राहते. मग तिले चेंडू भेटला तरी पंच ऑफसाइड देते. आपन काऊन मांगंच जाऊन राहिलो?"

ती म्हणत होती ते बरोबर होतं. ऑफसाइडचा सापळा तो हाच, जगभर खेळतात. मॅडमना ते माहीत नसेल, असं मला आजही वाटत नाही. पण मॅडमनी छत्रीचं टोक तिच्या पायाच्या बोटांवर टेकवलं.

"रोवणीत पुढं कोन जाते वो?"

भूमेश्वरीनं पायाची बोटं आखडली.

"सांग ना. कोन जाते?"

"कोनी नाही जी."

"जो धानाची नासाडी करते तो जाते. ओळ मांगंच येते. चौघी मांगं आल्या त गोल होत नाही. एक पुढं गेली त होते. समजलं?"

"चौघीही गेल्या त, मॅडम?"

"तू चार जनींचं नको सांगू. तुहं सांग."

त्या दिवशी भूमेश्वरीला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या, त्याही उलट्या. आम्ही तिघी कडेला बसून पाहत होतो. मला तिची कीव आली आणि थोडं बरंही वाटलं, कारण त्या फेऱ्या मला पडल्या नव्हत्या. मॅडमच्या हाताखाली माणूस असं होतं.

आठांतला सामना ओडिशात होता. भलं मोठं मैदान, हिरवं गवत, आमच्या मुलींनी तसं गवत आधी पाहिलं नव्हतं. समोरचा संघ आमच्यापेक्षा उंच, तगडा, त्यांच्याबरोबर मालिश करायला वेगळी बाई होती. आमच्याकडे मॅडम आणि एक बर्फाची पेटी. पण पहिल्या अर्ध्या तासातच आम्ही एक गोल केला आणि मग मॅडमचं राज्य सुरू झालं. "मांगं! मांगं! ओळ!" आम्ही मागे मागे आलो. आमच्या ओळीतून त्यांना वाट सापडेना. दुसऱ्या सत्रातही आम्ही मागे येतच राहिलो. चेंडू त्यांच्याच पायात, आम्ही नुसत्या सरकतोय. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही चौघी आमच्याच गोलच्या इतक्या जवळ आलो होतो, की आमच्या गोलकीपरला हात फिरवायला जागा नव्हती. ती मागून ओरडत होती, "अवो, माह्या अंगावर आल्या ना!"

तेवढ्यात त्यांच्या एका मुलीनं चेंडू मागे दिला. भूमेश्वरी ओरडली, "चला पुढं! चौघी! चला!" आणि ती गेली. चार नाही, सात-आठ पावलं गेली. आम्ही तिघी गेलो नाही. तिकडून मॅडमचा आवाज आला, "मांगं!" आणि आमच्या टाचा मागेच सरकल्या. त्यांची उंच फॉरवर्ड भूमेश्वरीच्या मागे मोकळी उभी होती आणि आम्ही मागे राहिल्यामुळे ऑफसाइडही नव्हती. चेंडू आला, गोल झाला. तीन-चार मिनिटांत दुसरा गोल झाला आणि आम्ही हरलो.

शिट्टी वाजल्यावर मॅडम मैदानात आल्या. भूमेश्वरी गुडघ्यांवर बसली होती. मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडाकडे पाहिलं.

"एकटीच्या पायानं अख्खी बांधी तुडवलीस," त्या म्हणाल्या. समोरच्या संघाच्या मुली, पंच, फोटो काढणारे, सगळे ऐकत होते. भाषा समजली नसेल, पण काय चाललं आहे ते समजायला भाषा लागत नाही.

परतीची तिकिटं त्या दिवशी कामी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुर्गच्या आसपास असताना मॅडमनी आयोजकांना पाठवायचा अहवाल मांडीवर घेतला. प्रत्येक मुलीच्या नावापुढे दोन शब्द लिहायचे होते. भूमेश्वरीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं: प्रशिक्षकाचा आदेश मोडला, शिस्तभंग. खाली कॅप्टनची सही लागायची. कागद माझ्याकडे आला. मी वाचला. भूमेश्वरी पलीकडच्या खिडकीत डोकं टेकून बसली होती. मी सही केली. करावीच लागली. मॅडमसमोर कोण बोलणार?

दोन महिन्यांनी प्रमाणपत्रं आली. सगळ्यांची आली, भूमेश्वरीचं आलं नाही. ती मैदानावर विचारायला आली तेव्हा मॅडम चुन्याच्या रेघा मारून घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिस्त नाही त कागद कायचा?" भूमेश्वरी मागे वळली. मग माझ्याकडे आली.

"तूनं ऐकलं होतं ना वो? मी चौघी म्हनली होती. चला म्हनली होती."

"गर्दीत नाही आलं ऐकू," मी म्हणाले.

तिनं संघाचे बूट काढले, जोडी करून मैदानाच्या कडेला ठेवले आणि अनवाणी सायकलवर बसून गेली. पुन्हा कधी आली नाही. त्याच वर्षी भरती निघाली. मी एसटीत कंडक्टर झाले, आणखी दोघी इकडे-तिकडे लागल्या. भूमेश्वरीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, तिकडे सालेकशाच्या अलीकडे, कचारगडच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर. पत्रिका आली होती. माझी ड्युटी होती, जाणं झालं नाही.

तेव्हापासून मी मॅडमशी बोलणं टाकलं. समोर आल्या तर मान वळवायची. लोक म्हणत, "काऊन वो, एवढी तुही मॅडम, तुले नोकरी लावून देल्ली तिनं." मी सांगायचे, नोकरी मी माझ्या पायांवर मिळवली, आणि एका मुलीची त्यांनी घालवली ते कोणी बोलत नाही. हे मी बसच्या दारात, चहाच्या टपरीवर, डेपोच्या बाकावर किती जणांना सांगितलं, त्याचा हिशेब नाही. सांगताना माझा आवाज चढायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई फार न्यायाची दिसते.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेले. चार शब्द बोला म्हणाले, त्याला मात्र नाही म्हटलं. मंडपात शाली, हार, फोटो. कोणी त्यांना आई म्हणालं, कोणी माऊली म्हणालं. मॅडम स्टेजवर बसून बोलणाऱ्यांच्या चपला पाहत होत्या. शेवटी त्या उठल्या. त्यांचं भाषण मी जसंच्या तसं सांगू शकते, कारण ते तेवढंच होतं.

"मले बोलता येत नाही. एक गोष्ट राहिली होती. ओडिशातली मॅच पोरी नाही हारल्या, मी हारवली. भूमेश्वरी पुढं गेली ते बरोबर होतं. बाकीच्यांले पुढं जानं मीच शिकवलं नोहोतं. अन तिचा कागद अडवला तेही चूक. झालं. आता सगळे जेवून जा."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य डोळे पुसत माईकवर आले आणि म्हणाले, किती मोठं मन, स्वतःची नसलेली चूकही अंगावर घेतात. म्हणजे खरं बोलली तरी या बाईला हारच पडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवणं झाल्यावर मी मागे नळावर हात धूत होते. मॅडम आल्या, शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी काखेत मारली. मी सात वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आता मंडपात बोलून काय उपयोग आहे मॅडम? तिचं वाटोळं झालं ते झालं ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हाताला साबण लावला.

"तिच्यासमोर बोला लागत होतं."

"बोलली ना. पहिले तिलेच सांगतलं. मंग इथं." त्या अजूनही माझ्या चपलांकडे पाहत होत्या. "आयोजकांले पत्रं लिहून लिहून कागद काढला तिचा. घेऊन गेली. तीनदा गेली. पहिल्या डावी तिनं दार नाही उघडलं. दुसऱ्या डावी चहा देल्लन. तिसऱ्या डावी कागद पाहिलन अन म्हने, आता कायले जी, आता मले कोठी पळता येते. ठेवून आली मी तिच्या घरी. लेकरू मोठं होईन त पाहीन, माय का होती त."

माझा राग कमी झाला नव्हता, तो कुठे ठेवावा तेवढं कळत नव्हतं. मी म्हणाले, "हे कोणाले सांगितलं नाही कधी."

"तुले सांगाची का गरज होती? दुसऱ्या डावी तुह्याच गाडीनं गेली होती मी. गोंदियावरून सालेकसा. तूनं तिकीट देल्लं मले. फाट्याचं मागतलं, तूनं फाट्याचं देल्लं. तोंडाकडं नाही पाहिलंस. मले वाटलं, ही इचारन, कोनाकडं चालल्या मॅडम. तूनं घंटी मारली."

मला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. गर्दी होती, मॅडम तिसऱ्या सीटवर होत्या, मी मशीनमधून तिकीट काढून त्यांच्यापुढे धरलं होतं आणि मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते. त्या फाट्यावर कोण राहतं, हे मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही. मी तेव्हा मॅडमवर रागावण्यात गुंतले होते.

मॅडमनी नळ बंद केला. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बारीक, लालसर डोळे होते, मी ते इतक्या वर्षांत नीट पाहिलेच नव्हते.

"अहवालावर माही एक सही होती," त्या म्हणाल्या. "मी माह्या सहीचं जाऊन सांगून आली. तू गेली का कधी?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. काखेतली शाल स्कुटीच्या डिक्कीत कोंबली, नारळ पायांशी ठेवला आणि गाडी सुरू केली. कॉलेजच्या फाटकातून निघताना कोणी तरी त्यांच्या पाया पडायला धावलं, तर त्या म्हणाल्या, "सरक. टायर जाईन पायावरून." मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या तेव्हाच.

सालेकसा काही दूर नाही. महिन्यातून चार-पाच वेळा माझी त्या गाडीवर ड्युटी असते. तो फाटा येतो. मी एकदा घंटी मारते, गाडी थांबते, पाच-सहा माणसं पिशव्या सांभाळत उतरतात. फाट्यापासून आत पायवाट जाते, घरं इथूनच दिसतात, कौलारू, बाहेर बांधलेली शेळी, वाळत घातलेले कपडे. दार उघडं असतं तेवढा वेळ मला मॅडमचा फार राग येतो. मग मी दोनदा घंटी मारते.